जुन्या व्ही-एटला टर्बो? आधी हे मोजून घ्या

माझी शेव्हरोलेची शेव्हेल मॅलिबू १९७२ची. इंजिन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं, त्यावर दोन बॅरलचा कार्बोरेटर, आणि कागदावर ताकद १६५ हॉर्सपॉवर. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे गाडी लावली की कुणीतरी बॉनेट उघडायला सांगतं, आत डोकावतं आणि म्हणतं, "टर्बो का नाही टाकत?" टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. गेल्या वर्षी असं म्हणणारे तिघे भेटले. त्यातला एक तर आमच्याच गणपतीच्या ढोलपथकातला. म्हणाला, "पुण्यात माझ्या काकाच्या डिझेल गाडीलासुद्धा टर्बो होता, आणि तू एवढं मोठं इंजिन घेऊन असाच फिरतोस?"

त्याच्या काकाच्या गाडीचा मुद्दा पुढे येईलच, कारण अर्धा घोटाळा तिथेच आहे. मी हिवाळाभर वही-पेन आणि गेज घेऊन या प्रश्नाच्या मागे लागलो होतो. ज्या क्रमाने तपासलं त्याच क्रमाने इथे लिहितो. क्रम महत्त्वाचा, कारण सुरुवातीच्या तपासण्या जवळजवळ फुकट आहेत आणि बहुतेक गाड्या तिथेच गळतात. गळल्या तर वाईट वाटून घेऊ नका, पैसे वाचले.

आधी आकडे एका मापात आणा

१६५ ऐकून नाक मुरडू नका. १९७१पर्यंत अमेरिकन कंपन्या ग्रॉस हॉर्सपॉवर मिरवत. इंजिन स्टँडवर ठेवायचं, अल्टरनेटर, एअर फिल्टर, गाडीचा सायलेन्सर यांपैकी काहीही न जोडता मोजायचं आणि तो आकडा जाहिरातीत छापायचा. १९७२पासून सगळ्यांनी नेट आकडा धरला, म्हणजे इंजिन गाडीत जसं बसतं तसं मोजायचं. १९७०च्या शेव्हेलमधलं चार बॅरलचं ३५० इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं होतं आणि १९७२मध्ये तेच १७५चं झालं, ते मुख्यतः यामुळे. इंजिनातला घोडा रातोरात मेला नव्हता.

थोडी घट मात्र खरी होती. पुढे शिसंविरहित, कमी ऑक्टेनचं पेट्रोल येणार म्हणून जनरल मोटर्सने १९७१च्या मॉडेलपासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, उतरवलं. ३०० हॉर्सपॉवरवाल्या ३५०चं १०.२५ होतं, ते ८.५वर आलं. जुन्या गाड्यांचे शौकीन या वर्षांच्या इंजिनांना हसतात. पण टर्बो बसवणाऱ्याच्या हीच गोष्ट पथ्यावर पडते. १९७०चं ११ कॉम्प्रेशनचं, नावाजलेलं इंजिन टर्बोसाठी अवघड, आणि १९७२चं कुणी न विचारणारं इंजिन त्या मानाने सोपं. असं का, ते पुढे सविस्तर येतं.

ही गाडी तुम्ही बदलायची की नाही

पाना हातात घेण्याआधी कागदपत्रं आणि ब्लॉकवरचे नंबर बघा. जनरल मोटर्सच्या या काळातल्या गाड्यांत ब्लॉकवर उजव्या बाजूच्या हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते, तिच्यावर इंजिनाचा कोड ठोकलेला असतो. १९६८पासून गाडीच्या व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) भागही ब्लॉकवर येतो. तो गाडीच्या व्हीआयएनशी जुळला तर इंजिन मूळचं. १९७२पासून व्हीआयएनमध्येच इंजिनाचं अक्षर असतं, त्यामुळे मूळ गाडी कोणत्या इंजिनाची होती हेही कळतं.

मोठ्या ब्लॉकची एसएस, खरी झी-२८, खरी जीटीओ अशी नावाजलेली गाडी असेल आणि नंबर जुळत असतील, तर माझं मत सरळ आहे: त्या इंजिनाला हात लावू नका. ते काढून, तेल लावून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवा आणि खेळ दुसऱ्या ब्लॉकवर करा. टर्बोच्या नादात फुटलेला मूळ ब्लॉक परत मिळत नाही. माझी मॅलिबू साधी, चार माणसांचं कुटुंब नेण्यासाठी विकलेली, ब्लॉकही मूळचा नाही. शुद्धतावादी तिला मसल कार म्हणतसुद्धा नाहीत. या बाबतीत त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण त्यामुळेच मला मोकळीक आहे.

याच टप्प्यावर कायदा आणि विमा उरकून घ्या. मिशिगनमध्ये धुराची नियमित तपासणी नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्या स्मॉग चेकमधून वगळलेल्या आहेत, १९७६ची गाडी मात्र अडकते. विमा 'ठरलेल्या किमती'चा असेल तर कंपनीला बदल लेखी कळवा. भारतात बसून हे वाचत असाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. मूळ रचनेत केलेला बदल तिथे साधी गोष्ट नाही.

नक्की काय हवंय?

हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा उत्तर थोडं लाजिरवाणं निघालं. मला ताकद नको होती, सिग्नलवरून सुटताना पिकअप हवा होता. माझ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये २.७३चा गियर होता. हायवेवर शांत चालण्यासाठी दिलेला. तो बदलून ३.४२चा टाकला तर प्रत्येक गियरमध्ये चाकावर येणारा टॉर्क सव्वा पट होतो, इंजिनाला हात न लावता. त्याची किंमत हायवेवर मोजावी लागते: २६ इंची टायरवर ताशी ६० मैलांना इंजिन आधी मिनिटाला साधारण २१०० फेऱ्यांवर होतं, आता २६५०वर. तीन गियरच्या जुन्या ऑटोमॅटिकला ओव्हरड्राइव्ह नसल्यामुळे हा आवाज लांबच्या प्रवासात कानात बसतो.

तुम्हाला पिकअप हवा असेल तर आधी गियर आणि टॉर्क कन्व्हर्टर बघा. वरच्या फेऱ्यांमध्ये दम हवा असेल तर हेड, कॅम आणि इनटेक. टर्बोचा खरा उपयोग तेव्हा, जेव्हा रोज चालवताना इंजिन मूळसारखंच गरीब राहावं आणि पाय दाबला की दीडपट व्हावं, असं हवं असतं. ड्रॅग स्ट्रिपवरच्या गाड्यांचं गणित वेगळं, तो हा लेख नव्हे.

इंजिनाची तब्येत

खर्च: एक शनिवार आणि दोन गेज. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेऱ्या देऊन कॉम्प्रेशनचा दाब मोजा. आकडा किती यापेक्षा आठही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा. टर्बोच्या विचारात असाल तर मी १० टक्क्यांहून जास्त फरक चालवून घेणार नाही.

मग लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वरच्या बिंदूवर आणून १०० पीएसआयची (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब) हवा सोडायची आणि किती गळते ते पाहायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर छान, २०च्या वर गेली तर इंजिन उघडावंच लागणार. कान लावून ऐका: कार्बोरेटरमधून सुस्कारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. ऑइल प्रेशर इंजिन पूर्ण तापल्यावरच मोजायचं. दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय हा जुना ठोकताळा अजून कामाचा आहे.

आता आत काय आहे याचा विचार. शेव्हरोलेच्या ३५०चे ३९७००१० नंबरचे ब्लॉक १९६९पासून पुढे कित्येक वर्षं ओतले गेले. त्यात मेन बेअरिंगला दोन बोल्टवालेही आहेत आणि चार बोल्टवालेही. बाहेरून कळत नाही, इंजिनाखालचा ऑइल चेंबर उतरवावा लागतो. साध्या गाडीत ओतीव क्रँक, ओतीव पिस्टन, दोन बोल्ट असंच गृहीत धरा. प्रत्येक घराण्याची दुखरी नस वेगळी. पॉन्टिॲकच्या ३८९-४००मध्ये ओतीव कनेक्टिंग रॉड आधी दगा देतात. फोर्डच्या ३०२चा मूळ ब्लॉक ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास मधोमध चिरतो अशी त्याची ख्याती आहे. शिवाय ३०२ला एका हेडला १० बोल्ट, शेव्हीच्या स्मॉल ब्लॉकला १७. हेड गॅस्केटवर दाब वाढवायचा असेल तेव्हा हे सात बोल्ट मोलाचे ठरतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: रिंगांच्या तोंडातली फट. साध्या इंजिनात चार इंची बोअरला ही फट ०.०१६ इंचाच्या आसपास ठेवतात. टर्बोमुळे रिंग जास्त तापते, लांब होते, तिची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पुढच्या क्षणी ओतीव पिस्टनची वरची कड तुटून येते. टर्बोसाठी हीच फट ०.०२४पर्यंत लागते. म्हणजे "आतलं काही न उघडता वरून टर्बो बसवू" या बेतात पहिल्या दिवसापासून हा धोका बसलेला असतो, अगदी इंजिन निरोगी असलं तरी.

कॉम्प्रेशन आणि ठोका

आता काकांची डिझेल गाडी. डिझेलमध्ये सिलिंडरात नुसती हवा दाबली जाते आणि इंधन अगदी शेवटी फवारलं जातं. आधी पेटायला आत काही नसतंच, त्यामुळे जास्त दाब तिथे हवाहवासाच. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच एकत्र झालेलं असतं. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत जाते आणि कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ते फार तापलं तर ज्योत पोचण्याआधी स्वतःच भडकतं. हाच तो ठोका, नॉकिंग. सायलेन्सरचा आवाज मोठा असला तर ठोका ऐकूसुद्धा येत नाही आणि पिस्टनला भोक पडलेलं असतं.

अमेरिकन कंपन्यांनाही हा धडा महागात मिळाला. ओल्ड्समोबीलने १९६२मध्ये जेटफायर काढली: २१५ घन इंचांचं ॲल्युमिनियमचं व्ही-८, त्यावर टर्बो, ताकद २१५ हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन मात्र तसंच १०.२५ ठेवलं. ठोका थांबवण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायचं, त्याची टाकी मालकाने भरत राहायची, आणि नाव दिलं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. टाकी संपली की यंत्रणा बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, कमी करे. लोकांनी टाकी भरलीच नाही. गाडी सुस्त झाली, तक्रारी आल्या, आणि अनेक गाड्यांचा टर्बो काढून तिथे साधा कार्बोरेटर बसला. पंचवीस वर्षांनी, १९८७मध्ये, ब्यूकची ग्रँड नॅशनल ३.८ लिटरच्या व्ही-६मधून २४५ नेट हॉर्सपॉवर काढत होती. तिचं कॉम्प्रेशन ८ होतं, दाबून तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर होता, फ्युएल इंजेक्शन होतं, आणि ठोका ऐकून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घेणारा सेन्सर होता. या दोन गाड्यांमधला फरक म्हणजेच तुमच्या खरेदीची यादी.

आता स्वतःच्या इंजिनाचं खरं कॉम्प्रेशन काढा. पुस्तकातलं नको, कारण पन्नास वर्षांत कुणी हेड तासलं असेल, कुणी वेगळे पिस्टन टाकले असतील. ३५०च्या एका सिलिंडरचं आकारमान ७१६ घन सेंमी. पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा अशी मोजा: हेडमधला चेंबर ७६, गॅस्केट सुमारे ९, पिस्टन ब्लॉकच्या वरच्या कडेच्या खाली राहतो ते ५, पिस्टनवरच्या खोलगट खाचा ६. बेरीज ९६. मग (७१६ + ९६) भागिले ९६, म्हणजे ८.४६. तेच, कुणीतरी आधी 'ताकद वाढवायला' ६४ घन सेंमीचे हेड टाकले असतील तर उरलेली जागा ८४ आणि कॉम्प्रेशन ९.५. एका हेडच्या फरकाने टर्बोचा बेत सोपा राहतो किंवा अवघड होतो.

माझी मर्यादा अशी: ओतीव लोखंडी हेड, पंपावरचं सगळ्यात चांगलं पेट्रोल आणि इंटरकूलर असेल तर ८.५ला ६-७ पीएसआय बूस्ट. ९.५ला इंटरकूलर असूनही ४-५च्या पुढे मी जाणार नाही. १०च्या वर असेल तर पिस्टन बदला किंवा विचार सोडा. ॲल्युमिनियमचे हेड उष्णता लवकर ओढतात, त्यांना थोडी सूट.

पेट्रोलच्या आकड्याबाबत मराठी वाचकांचा हमखास गोंधळ होतो. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, आरओएन आणि एमओएन. भारतात पंपावर सांगतात तो आरओएन. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. इथलं ९३ म्हणजे भारताच्या मापात ९८च्या आसपास. आणि सगळीकडे ९३ मिळत नाही. कॅलिफोर्नियात पंपावर बहुतेक ९१च असतं. मग तिथल्या माणसाने मिशिगनच्या माणसाचं टायमिंग उचलू नये. ई-८५ (मुख्यतः इथेनॉल असलेलं इंधन) मिळत असेल तर ठोक्याविरुद्ध ते फार चांगलं, पण साधारण ३० टक्के जास्त इंधन जाळावं लागतं, आणि जुने रबरी पाइप आणि पितळी-जस्ती भाग सगळे तपासून बदलावे लागतात.

हवा किती, गरम किती

मला आवडणारा भाग हा. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय. त्यात ७ मिळवले तर २१.७, म्हणजे १.४८ पट. यावरून लोक म्हणतात, ताकद ४८ टक्के वाढली. तसं होत नाही, कारण दाबलेली हवा तापते. बाहेर २७ अंश सेल्सियस असेल आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरली तर हवा साधारण ७६ अंशांवर बाहेर पडते. तापल्यामुळे ती विरळ, आणि खरी वाढ उरते जेमतेम २७ टक्के. वर गरम हवेने ठोका ओढवून घेतला तो वेगळाच. चांगला इंटरकूलर ती ४२ अंशांपर्यंत उतरवतो, थोडा दाब खातो, आणि वाढ ३७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून इंटरकूलर नंतर घेऊ, हा विचार मनातून काढा. १९८०च्या टर्बोवाल्या पॉन्टिॲक ट्रान्स ॲमला तो नव्हता, ४.९ लिटरमधून २१० हॉर्सपॉवर निघाली.

टर्बोचं माप काढायला सोपं सूत्र: घन इंच गुणिले फेऱ्या, भागिले ३४५६, गुणिले इंजिन प्रत्यक्षात किती टक्के भरतं ते. इथे हात राखून धरा. माझं इंजिन मूळ कॅमवर ४००० फेऱ्यांनाच शिखर गाठतं, त्यामुळे ६००० फेऱ्यांचं स्वप्न बघण्यात अर्थ नाही. ४५०० फेऱ्या आणि ७५ टक्के धरले तर मिनिटाला ३४२ घनफूट हवा, वजनात २५ पौंड. त्याला १.३७ने गुणलं की ३४ पौंड. मिनिटाला एक पौंड हवेमागे साडेनऊ-दहा हॉर्सपॉवर धरतात, पण जुन्या हेडला मी थोडी कमीच धरतो. म्हणजे ३०० ते ३३०. कागदावरच्या १६५च्या जवळजवळ दुप्पट (नुसत्या ३७ टक्क्यांहून जास्त दिसते, कारण या ठोकताळ्यात दोन बॅरलचा कार्बोरेटर आणि मूळ एक्झॉस्ट यांची अडचण धरलेली नाही), तीही गाडीचा स्वभाव न बदलता.

आता टर्बो विकणाऱ्याकडून कॉम्प्रेसर मॅप, म्हणजे किती हवा आणि दाबाला टर्बो किती कार्यक्षम राहतो त्याचा आलेख, मागा. ३४ पौंड आणि १.५ दाब-गुणोत्तर हा बिंदू मधल्या, जास्त कार्यक्षमतेच्या भागात पडला पाहिजे. डावीकडच्या सर्ज रेषेला (जिच्या पलीकडे हवा उलटी धक्के मारते) चिकटला तर टर्बो मोठा, उजव्या कडेला गेला तर लहान. मॅप देऊ न शकणाऱ्या स्वस्त टर्बोच्या वाटेला जाऊ नका, हे मी एकदा पैसे घालवून शिकलो आहे.

इंधन आणि ठिणगी

मूळ मेकॅनिकल पंप ६-७ पीएसआय देतो. कार्बोरेटरवर ७ पीएसआयचा बूस्ट चढला की पंपाचा दाब आणि बूस्ट सारखेच होतात आणि पेट्रोल येणं थांबतं. नेमकं तेव्हाच, जेव्हा सगळ्यात जास्त हवं असतं. मिश्रण पातळ होतं, पिस्टन वितळतो. म्हणून कार्बोरेटर ठेवायचा असेल तर विजेचा पंप, टाकीकडे परतणारी लाइन आणि बूस्टबरोबर एकास एक दाब वाढवणारा रेग्युलेटर लागतो. कार्बोरेटरही साधा चालत नाही: पोकळ फ्लोट दाबाने चेपतात आणि पॉवर व्हॉल्व्हला बूस्टचा संदर्भ द्यावा लागतो.

मी इंजेक्शनच्या बाजूचा आहे. ३३० हॉर्सपॉवरला तासाला साधारण २०५ पौंड पेट्रोल, आठ इंजेक्टरांत वाटलं आणि ८० टक्क्यांवर चालवलं तर प्रत्येकी ३२ पौंडांचा लागतो, ३६चा घ्यावा. पंप ताशी २५५ लिटरचा मजेत पुरतो. यात पैसे जातात, पण बूस्ट वाढला की टायमिंग आपोआप मागे घेता येतं आणि थंडीत गाडी चावी फिरवताच सुरू होते.

टायमिंगचा ठोकताळा: दर पीएसआयला एक अंश मागे. पूर्ण टायमिंग ३४ असेल तर ७ पीएसआयला २७. प्लग एक पायरी थंड घ्या, फट ०.७ मिमीच्या आसपास आणा, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते. पॉइंट्सवाला डिस्ट्रिब्यूटर असेल तर त्याला निवृत्त करा. हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि त्याचा काटा डोळ्यांसमोर हवाच, बूस्टमध्ये ते ११.५च्या आसपास बघायची सवय लावा.

पीसीव्ही लाइनमध्ये, म्हणजे क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीत, उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. तो नसेल तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि मागच्या सीलमधून ऑइल गळायला लागतं. ब्रेक बूस्टरच्या नळीचंही तेच.

ऑइल आणि उष्णता

टर्बोकडे ऑइल बारीक नळीने जातं, परत मात्र जाड नळीने, निदान १६ मिमीच्या, आणि सतत उतारावर यायला हवं. ती चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर जोडा. खाली जोडली तर ऑइल टर्बोतच तुंबतं, सील गळतो आणि धूर निघतो. मग लोक टर्बोला शिव्या देतात. स्टार्टर, ब्रेक लाइन, स्टिअरिंगचा दांडा यांच्याजवळून जाणारा एक्झॉस्ट गुंडाळा आणि मध्ये पत्रा लावा.

बाकीची गाडी

ही यादी मी सगळ्यात शेवटी लिहिली आणि सगळ्यात आधी कामाला घेतली. दीड टनाची गाडी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. दोन कडक थांबे घेतले की तिसऱ्याला पेडल बरंच खाली जातं. ताकद दुप्पट करून हेच ब्रेक ठेवायचे म्हणजे दैवावर हवाला. रेडिएटर मूळचाच असेल तर तो १६५ हॉर्सपॉवरची उष्णता कशीबशी हाकतो, त्यात समोर इंटरकूलर उभा राहणार. मागचा टेन-बोल्ट ॲक्सल ३०० हॉर्सपॉवर आणि साध्या टायरवर तग धरतो, चिकट टायर लावले की धरत नाही. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० गियरबॉक्स चांगल्या तब्येतीचा असेल तर पुरतो. जुना पॉवरग्लाइड असेल तर त्याच्या दोन गियरांमध्ये टर्बो कधी जागा होणार, हा प्रश्नच आहे.

खर्च मांडताना टर्बोच्या किमतीपासून सुरुवात करू नका. माझ्या वहीत टर्बो यादीच्या तळाशी होता. त्याच्या वर होते पिस्टन-रिंगांसह इंजिनाचं काम, इंजेक्शन, एक्झॉस्टची वेल्डिंग, ब्रेक आणि ॲक्सल, याच क्रमाने. एक्झॉस्टचं वेल्डिंग स्वतः येत नसेल तर तो आकडा दुप्पट धरा. माझ्या पहिल्या कारागिराने तीन महिने गाडी अडवून ठेवली आणि पाइप स्टार्टरला चिकटवला.

पर्याय प्रामाणिकपणे बघा

बेल्टवर चालणारा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर एक्झॉस्टला हात न लावता बसतो, पण ठोका, इंधन आणि रिंगा यांचे नियम त्यालाही तेच. ३५०ला ०.०३० बोअर करून त्यात ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक टाकला की ३८३ होतं. बिनबूस्टचा, सरळ, दमदार टॉर्क. उघडावंच लागणार असेल तर मी याचा गंभीरपणे विचार करेन. तिसरा रस्ता शौकिनांना रुचत नाही: १९९९ ते २००७मधल्या जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकचं ५.३ लिटरचं इंजिन भंगारातून आणून बसवायचं. प्रत्येक मेनला सहा बोल्ट, इंजेक्शन आधीच लागलेलं, आणि टर्बो सोसण्यात त्याची ख्याती. केवळ हिशोबाने निर्णय घ्यायचा तर हेच जिंकतं. पण बॉनेट उघडल्यावर जुनं शेव्ही इंजिन दिसावं असं मला वाटतं, आणि त्या वाटण्यासाठी मी जास्त पैसे मोजणार हे मला ठाऊक आहे.

माझं काय ठरलं

कॉम्प्रेशनच्या तपासणीत सातव्या नंबरचा सिलिंडर सोडून बाकीचे १३८ ते १४५ पीएसआयच्या दरम्यान, सातवा मात्र ११८. लीक-डाउनमध्ये तिथे २४ टक्के, आणि हवेचा फुस्स आवाज ऑइल भरायच्या तोंडातून. म्हणजे रिंगा. इंजिन उघडायचंच आहे, टर्बो असो वा नसो.

मग मी कामं अशी लावली की टर्बोचं उत्तर पुढे काहीही आलं तरी वाया जाऊ नयेत. त्याच हिवाळ्यात ३.४२चा गियर, पुढे डिस्क ब्रेक, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि परतीच्या लाइनसह नवी इंधन लाइन. पुढच्या हिवाळ्यात ब्लॉक बाहेर काढून सिलिंडरच्या भिंती सॉनिक टेस्टरने मोजायच्या. आधीच्या कुणीतरी बोअर करून ठेवला आहे असा संशय आहे. भिंती पातळ निघाल्या तर दुसरा ब्लॉक शोधायचा आणि ३८३. जाड असल्या तर फोर्ज्ड पिस्टन, ८.५ कॉम्प्रेशन, ०.०२४ची फट, आणि मगच टर्बोची ऑर्डर.

यंदा वुडवर्डवर ढोलपथकवाला पुन्हा आला. बॉनेट उघडायच्या आतच त्याने विचारलं, "झालं का रे टर्बोचं?" मी खिशातून फडक्यात गुंडाळलेला सातव्या नंबरचा प्लग काढून त्याच्या हातात दिला. ऑइलने काळाकुट्ट झालेला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, वास घेतला, आणि म्हणाला, "माझ्या बुलेटचा पण असाच निघायचा."

मग त्याला शेजारी बसवून पहिल्या सिग्नलवरून गाडी सोडली. ३.४२च्या गियरवर.